चैतीच्या तुंब्यातलं बी

नंदू, श्री — हे मी तुमच्या आजोबांनाही सांगितलं नव्हतं. तुमच्या आईला नाही, माझ्या सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे बसले तरी तिथे मी नेहमी दुसरंच काहीतरी बोलत आले. आणि जो आधीच जाणतो त्याला सांगायला धीर तो कसला लागतो? म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला यातलं काही ठाऊक नाही.

नंदू, तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. पत्राचं उत्तर चौथ्या दिवशी टाकायचं, हा माझा नेम तुम्हाला माहीत आहे. त्यावरून तुम्ही मला चिडवताही. यावेळी तो मोडला. तू लिहिलं होतंस की तुझे प्राध्यापक डोंगरातले जुने, रानटी, कोणी खात नाही असले टोमॅटो शोधत हिंडतात, कारण बाजारातल्या देखण्या टोमॅटोंनी जी ताकद गमावली आहे ती त्या ओबडधोबड फळांत अजून शिल्लक आहे. आणि मग शेवटी, सहज — आजोबांनी जव्हारला वांग्यांचं बी जमवलं होतं ना? त्याचं पुढे काय झालं?

मी चार उत्तरं लिहायला घेतली आणि फाडली. पहिलं इंग्रजीत होतं. ते फार छान जमलं होतं, म्हणूनच फाडलं. कर्त्याला वाक्याबाहेर ठेवण्याची इंग्रजीत मोठी चांगली सोय आहे. मराठीतही 'बी गेलं' असं म्हणता येतं म्हणा — पण मराठीत कोणीतरी लगेच विचारतं, गेलं म्हणजे कुठे गेलं?

तर सांगते. क्रमाने सांगते, मला दुसऱ्या तऱ्हेने येत नाही.

लग्न होऊन मी जव्हारला आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. मॅट्रिक झालेली होते, आणि त्या गावात ही गोष्ट मी कोणाला विसरू देत नव्हते. तुमचे आजोबा संस्थानच्या शेतकी खात्यात होते. गावाच्या कडेला आम्हाला घर मिळालं होतं, मागे उताराची जमीन होती, आणि तिच्यात आजोबांची वांगी होती. इतर माणसांना घोड्यांचं, गाण्याचं वेड असतं. यांना वांग्यांचं होतं. फिरतीवर निघाले की मोखाड्याकडच्या एकेका पाड्यावरून रुमालात, पानात, कधी नुसतं खिशात बी घेऊन यायचे. हाताच्या लांबीची जांभळी वांगी, अंड्याएवढी पांढरी, हिरव्यावर पांढऱ्या रेघा असलेली, एकाच देठाला झुबक्याने लागणारी. "एवढ्याशा डोंगरात इतकी वांगी," म्हणायचे, "आणि आपण बाजारात जाऊन एकच मागतो!"

ते म्हणायचे, दिसायला एकसारखं पीक हे एका किल्लीने उघडणाऱ्या सगळ्या कुलपांसारखं असतं — चोराला एकच किल्ली सापडली की झालं. म्हणून निरनिराळं जपायचं, आणि एकाचं फळ दुसऱ्याच्या कणखरपणाशी जोडायचं. कोवळ्या फुलावर ते मलमलीची पिशवी बांधत, बारीक कुंचल्याने एका फुलाचे पराग दुसऱ्याला लावत. त्या पिशव्या मी शिवलेल्या. आणि बियांचे डबे, त्यावरच्या चिठ्ठ्या, रजिस्टर — सगळं माझ्या हातचं. कुठलं बी, कोणाकडून, कधी पेरलं, काय झालं. ते म्हणायचे, "तू नसतीस तर माझं सगळं बी खिशातच उगवलं असतं."

मला याचा फार अभिमान होता. हे लक्षात ठेवा. मी निष्काळजी होते म्हणून हे घडलं नाही. मी नीटनेटकी होते म्हणून घडलं.

चैतीला मी पहिल्यांदा पोशेऱ्याला पाहिलं. आजोबांबरोबर बैलगाडीतून गेले होते, हातात रजिस्टर. चैती चाळिशीची असेल. विधवा, काटक, बोलण्यात पुढे. तिच्या पाड्यावर अकरा घरं होती आणि अकराही घरांचं वांग्याचं बी ती एकटी राखायची. दर पावसाळ्याआधी बायका तिच्याकडे येऊन मूठमूठ घेऊन जात; तिच्या हातचं बी म्हणजे उगवणारच, अशी त्यांची खात्री. चुलीच्या वर, धुरात, वाळलेल्या भोपळ्याचा एक तुंबा टांगलेला होता. त्यात राखेत कालवलेलं बी — सगळ्या तऱ्हांचं एकत्र.

मी लेखणी काढून विचारलं, "हे कोणत्या जातीचं?"

"वांगी हायत बाय," चैती म्हणाली, "त्यांना कसली जात?"

दारात जमलेल्या बायका खदखदून हसल्या. आजोबाही हसले. मी रागाने लाल झाले, पण सोडलं नाही. म्हटलं, अगं पण वेगळं वेगळं नको का ठेवायला? पांढऱ्याचं एका डब्यात, जांभळ्याचं एका डब्यात?

"तुला पोरं झाली म्हंजे तू त्यांना येगळ्या येगळ्या डब्यात ठेवशील?"

पुन्हा हशा. पण मग तिने दुसरा तुंबा काढला, त्यात आपल्यातलं निम्मं बी ओतलं, आणि तो आजोबांनी हात पुढे केलेला असताना त्यांना न देता माझ्या हातात दिला. "सायबाला नाय. बी बायच्या हाती." तिच्याकडे रीत अशी होती की बी एका घरी ठेवायचं नाही. दोन घरी ठेवायचं. एक घर गेलं तर दुसरं असतं. आजवर तिचं दुसरं घर म्हणजे तिची बहीण होती, ती त्या वर्षी वारली होती. मग तिने मला निवडलं. का? मी अनोळखी, बाहेरची, तिला हसू येईल अशी — कदाचित माझ्या रजिस्टरमुळेच. हिच्या घरी काही हरवत नसेल, असं तिला वाटलं असेल.

निघताना तिने एक गोष्ट दोनदा बजावली. या बियांत 'राखणी' आहे. दहा रोपांत एखादं. काटेरी, बुटकं, फळ लहान आणि कडू. ते खायचं नाही, पण उपटायचंही नाही. "वाडीला मर लागली त समदी माना टाकतात. राखणी उभी ऱ्हाते. तिच्यापासून परत वाडी होते." मर म्हणजे तो रोग — सकाळी हिरवंगार उभं असलेलं रोप दुपारी मान टाकतं आणि तिसऱ्या दिवशी संपतं. मी रजिस्टरात शेऱ्याच्या रकान्यात इंग्रजीत लिहिलं: स्थानिक अंधश्रद्धा. आजोबांनी गाडीतच ते वाचलं. म्हणाले, "तिचं म्हणणं तेवढं लिही. शेरा नको." मी खोडून पुन्हा लिहिलं. खाडाखोड झालेलं ते एकच पान होतं.

त्या पावसाळ्यात तुंब्यातलं थोडं बी आम्ही मागच्या उतारावर एका ओळीत लावलं. बाकीच्या ओळी कशा एका उंचीच्या, एका रंगाच्या. ही ओळ म्हणजे बाजार. मला ती बघवत नसे. खिडकीतून नेमकी तीच दिसायची.

भाद्रपदात आजोबांना हिवताप आला. तीन आठवडे अंथरुणावर होते. त्यांच्या जागी मी रोज जमिनीत फेरी मारून लिहून ठेवायचे. आणि त्याच दिवसांत आमच्याकडे मर लागली — थोडीच, पण लागली. वरच्या दोन ओळी गेल्या. चैतीच्या ओळीतलीही बरीच रोपं गेली. पण मधली चार काटेरी रोपं उभी होती. आजूबाजूला सगळं लोळलेलं आणि ती चार ताठ, जणू काही झालंच नाही. मी त्यांच्यापुढे उभी राहिले. मी ते पाहिलं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं — हे वाक्य मी मुद्दाम दोनदा लिहिते आहे. त्या दिवशी मी लिहिलं, 'मर, दोन ओळी.' त्या चार रोपांबद्दल काही लिहिलं नाही. वाटलं, आजोबा उठले की दाखवू.

ते उठले, हिंडूफिरू लागले, आणि दाखवण्याआधी एक जेवण आडवं आलं.

दरबारातले एक बडे अंमलदार आमच्याकडे दिवाळीत जेवायला येणार होते. मी भरली वांगी करायची ठरवली. मागे जाऊन शोधू लागले तर त्या काटेरी रोपांवर किती सुबक फळं लागलेली — कोवळी, लहान, सगळी अगदी एका मापाची. दुसऱ्या कुठल्याच झाडावर इतकी एकसारखी नव्हती. चैतीने सांगितलेलं मला आठवत नव्हतं का? आठवत होतं. पण एकसारखी सोळा वांगी ताटात मांडलेली मला दिसत होती. मी देठाचे काटे काढले, खोबरं-तीळ भरले आणि वाढली.

पाहुण्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले. मग मोठ्याने म्हणाले, "वहिनी, कारल्याला वांग्याचा अंगरखा घातलात की काय?"

पंगत हसली. कोणीतरी म्हणालं, मॅट्रिकच्या पुस्तकात कडू वांग्याचा धडा नसेल. आणि तुमचे आजोबा — ते तर आनंदाने उजळून निघाले होते. "अहो, हीच ती राखणी!" म्हणाले, आणि आपल्या पानातलं सगळं कडू वांगं त्यांनी चवीने खाल्लं. रस्सा पुसून खाल्ला. सगळ्यांना पोशेऱ्याची गोष्ट सांगितली. 'वांग्याला कसली जात'सुद्धा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फिरतीवर निघाले. जाताना म्हणाले, "त्या काटेरी झाडांवरची उरलेली फळं पिकू दे. बी धर."

दुपारी मी ती चारही झाडं उपटली.

हातांना काटे लागत होते, तरी उपटली. मग घरात आले आणि फळीवरून चैतीचा तुंबा काढला. त्या फळीवर सगळे डबे सारखे होते. फक्त हा एक वाकडा, काळा, ज्यातून राख सांडून माझ्या चिठ्ठ्या मळायच्या. तो मी न्हाणीघरातल्या चुलाण्यात रिकामा केला. बी तडतडलं. मग तुंबा धुतला, उन्हात वाळवला आणि सरकारी वाडीतून आलेल्या गोल जांभळ्या वांग्याचं बी त्यात भरलं — स्वच्छ, निवडलेलं. का भरलं? रिकामा तुंबा दिसला असता म्हणून. आणि रजिस्टर उघडून काटेरी रोपांपुढे लिहिलं: मर लागून गेली.

मी काय जाळते आहे ते त्यावेळी मला कळलं नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. जे उभं राहिलं होतं तेच मेलं म्हणून मी लिहिलं; योगायोगाने इतकं नेमकं उलटं कोणी लिहीत नाही.

आजोबा परत आले, पान वाचलं, थोडे हिरमुसले. "राखणीसुद्धा गेली? मग ती बायकांची नुसती समजूतच म्हणायची." मग म्हणाले, "असो. तुंब्यात बी आहे अजून." मी चहा गाळत होते. गाळत राहिले.

शिमग्यानंतर तिकडे राब भाजतात — भाताची रोपं जिथे करायची ती जमीन पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून जाळतात. त्या वर्षी वारा फिरला आणि ठिणगी चैतीच्या घरावर पडली. माणसं वाचली. बाकी काही उरलं नाही. चुलीवरचा तुंबाही नाही.

ती पोशेऱ्याहून चालत आली. वाटेत एक मुक्काम करून, दुपारची आली. आजोबा कचेरीत होते. ती मागच्या पायरीवर बसली. मी गूळ दिला, पाणी वरून ओतलं — तेव्हा तसंच चाले, आणि मला त्यात काही गैर वाटत नव्हतं, हेही लिहून ठेवते. तिच्या लुगड्याला अजून धुराचा वास होता, पण ती हसत होती. म्हणाली, "घर गेलं त जाऊं दे बाय. कूड परत लिपता येतो. माझं दुसरं घर हाय म्हनून मी रडले नाय."

मी आत गेले. फळीपुढे उभी राहिले.

सांगता आलं असतं का? आलं असतं. माझं बोलणं ऐकून ती चिडली असती, शिव्या दिल्या असत्या. गावी जाऊन दुसऱ्या पाड्यांवर विचारलं असतं, कोणाकडे राखणी आहे का, आणि पेरणीला अजून वेळ होता. आजोबांनी जमवून दिली असती. हे सगळं मी तिथे उभी असतानाच मला कळत होतं. मी तुंबा उचलला आणि बाहेर नेऊन तिच्या हातात दिला.

तिने तो कानाशी धरून हलवला. मग थोडं बी तळहातावर ओतलं. बराच वेळ बघितलं.

"राख नाय यात."

"मी साफ केलं," मी म्हटलं.

"साफ?" तिने माझ्याकडे पाहिलं, मग हसली. "शिकलेली बाय!" आणि एकेक दाणा परत तुंब्यात घातला, एकही सांडू न देता. तुंबा पदरात बांधला आणि जाताना माझ्या हाताला हात लावून तो आपल्या कपाळाला लावला.

पुढचं तुम्हाला ओळखता येईल. त्या पावसाळ्यात मर आली ती अशी आली की आमचा सगळा उतार आठ दिवसांत पिवळा पडला. आणि पोशेऱ्याला अकरा घरांच्या अकरा वाड्या गेल्या. सगळी रोपं एका उंचीची, एका रंगाची, फळ धरण्याआधीच सगळी एकदम. एकही उभं राहिलं नाही. आजोबा स्वतः जाऊन पाहून आले. जेवताना म्हणाले, "चमत्कारिक आहे. बायका म्हणतात, यंदा राखणी उगवलीच नाही." मग उठून रजिस्टर काढलं, मागच्या वर्षीच्या पानावर बोट ठेवलं. "पण मागच्या वर्षी उगवली होती आणि मेली. तुझ्या अक्षरात आहे, म्हणजे शंका नको."

मी भात वाढत होते. म्हटलं, "चैतीचं बी तसलंच असेल."

एवढंच म्हटलं. त्यांनी मान हलवली. दरबारला पाठवायच्या अहवालात त्यांनी लिहिलं की पोशेरा भागातली राखणीची समजूत तपासाअंती निराधार ठरली. ज्या माणसाने मला शेरा खोडायला लावला होता त्याच्या सहीनिशी तोच शेरा गेला. राखणीचा संकर त्यांनी कधी केला नाही. नंदू, तुझे प्राध्यापक शोधत आहेत ते आमच्या न्हाणीघराच्या खिडकीपासून वीस पावलांवर उभं होतं.

आणि ते वाक्य घरात राहिलं. सुरुवातीला आजोबा थट्टेने म्हणायचे — न पेटणारी काडी, न उगवलेली कोथिंबीर: "चैतीचं बी!" मग तुमची आई म्हणायला लागली. मग तुम्ही. फुसक्या फटाक्याला, चावी दिली तरी न चालणाऱ्या मोटारीला. परवाच्या पत्रात श्रीने आपल्या नव्या बॅटरीला म्हटलं आहे. तुम्हाला वाटतं ती जुनी म्हण असावी. ती म्हण नाही. ती एक बाई होती, आणि ते मी म्हटलं होतं.

एवढं लिहून मी दोन दिवस थांबले. वाटलं होतं, संपलं. पण नाही — खरं सांगायचं ते यापुढे आहे. इथपर्यंत जे झालं त्यात रागाचा, लाजेचा, घाईचा काही हिस्सा होता. पुढच्यात कशाचाच नव्हता.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर आजोबांना खोडाळ्याला काम होतं, बाजाराचा दिवस होता, मी बरोबर गेले. बाजाराच्या कडेला एक माणूस बियांच्या पुड्या घेऊन बसला होता आणि त्याच्यापुढे उकिडवी बसून चैती वांग्याचं बी घेत होती. चैती — बी विकत घेत होती! पुडी कानाशी नेऊन हलवत होती आणि कागदाचा आवाज ऐकून परत खाली ठेवत होती.

पलीकडे तिच्याच पाड्यावरच्या दोघी होत्या. एकजण म्हणाली, "तू नको निवडूस, मावशे. तुझा हात लागला त पुडीतच मरल." दुसरी हसली. चैतीने हातातली पुडी खाली ठेवली. उठली, आणि तिने मला पाहिलं.

मला वाटलं होतं ती मला विचारेल. मी तयार होते. वाटभर गाडीत मी उत्तरं तयार केली होती. पण ती जवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "तू मनावर घेऊं नको बाय. तुझा दोष नाय. माझाच हात नासला." घर जळलं तेव्हा बहिणीचं वर्ष सरलं नव्हतं, आणि तशात आपण बी हाती घेतलं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. आता पाड्याचं बी दुसरी बाई ठेवते, म्हणाली. लाडकी म्हणून आहे. "तिच्याकडं बी नाय अजून, पन हात चांगला हाय."

मग ती थांबली. मला तिचा चेहरा अजून दिसतो. ती इतका वेळ बोलली ते जणू या एका प्रश्नाकडे येण्यासाठी.

"एक सांग. तू पेरलं होतंस ना तुझ्या वाडीत, पयल्या वर्साला? मर आली तवा — राखण्या उभ्या होत्या ना?"

समजतंय का तुम्हाला, ती काय मागत होती? तिला बी नको होतं, भरपाई नको होती. मला तिने कशाचा जाबही विचारला नाही. तिची आजी, तिची आई, ती — इतक्यांनी सांभाळलेली गोष्ट खरी होती की नाही, एवढंच. तिच्या हातून माझ्या हाती गेलं तेव्हा ते बी जिवंत होतं का. साऱ्या मुलखात हे सांगू शकणारं एकच माणूस होतं. त्या दोघी बायका ऐकत होत्या. मी 'हो' म्हटलं असतं तर त्याच जागी, त्याच क्षणी तिचा हात पुन्हा चांगला झाला असता. मला माझं काही कबूल करावं लागलं नसतं. तुंब्याचं नाव काढावं लागलं नसतं. फक्त 'हो, उभ्या होत्या. चार होत्या. मी पाहिल्या.'

पण रजिस्टरात तसं नव्हतं. आजोबा चार पावलांवर कोणाशी तरी बोलत उभे होते, आणि रजिस्टरात तसं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "त्याही गेल्या."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. माणूस एखादा ओळखीचा रस्ता चुकल्यावर बघतो तसं. मग तिने हळूच मान हलवली.

"मंग आमीच कायतरी खोटं धरून बसलो आसूं," ती म्हणाली.

आणि गेली. पुडी न घेता गेली. आजोबा येऊन म्हणाले, कोण, चैती ना? काय म्हणत होती? मी म्हटलं, काही नाही, सहज.

त्यानंतर आम्ही आणखी सात पावसाळे जव्हारला काढले. पोशेऱ्याकडे गाड्या जात-येत असायच्या. आजोबा फिरतीला निघताना पुष्कळदा विचारायचे, येतेस का? पहिली दोन-तीन वर्षं चैती तिथे होती, हे मला त्यांच्याकडूनच कळायचं. पुढे त्यांनी तिचं नाव काढलं नाही आणि मी विचारलं नाही. मी एकदाही गेले नाही.